डिबेट संपली, आता कौल कुणाचा मानायचा? मतदारांच्या प्रतिक्रिया दाखवणाऱ्या सेवांचं परीक्षण, सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकांसाठी

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची डिबेट तिथे रात्री ९ वाजता सुरू होते, तेव्हा सांगलीत सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सव्वाआठच्या सुमारास ती आटोपते आणि लोक कामावर निघायच्या आत ‘कोण जिंकलं’ याचं उत्तर व्हॉट्सॲपवर येऊन पडतं. ते उत्तर कुठे तयार होतं, कशातून तयार होतं आणि त्यावर किती विसंबायचं, याचं हे परीक्षण आहे. उमेदवार काय बोलले हा इथला विषय नाही. मतदारांची प्रतिक्रिया म्हणून वाहिन्या जे काही आपल्यापुढे मांडतात, ते आम्ही तपासलं आहे.

राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, कॉलेजच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहात डिबेट मोठ्या पडद्यावर लावणारे आणि निवडणुकीत उमेदवारांना एका व्यासपीठावर आणू पाहणारे कार्यकर्ते हे वाचतील असं धरलं आहे. आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे त्या पदासाठी अशी डिबेट होत नाही. पण लोकसभा, विधानसभा आणि महापालिकेला उमेदवारांची समोरासमोर चर्चा घेता येते, आणि तिच्यानंतर मतदारांना काय वाटलं हे मोजायची रीत अमेरिकेच्या अनुभवातून शिकता येते. तिथल्या चुकाही टाळता येतात.

आमचं मत आधीच सांगतो. झटपट पोल पाहा, पण त्यातला पहिला आकडा सोडून पुढचे वाचा. फोन करणाऱ्या मतदारांना ऐका. स्क्रीनच्या तळाशी सरकणारी रेघ झाकून टाका. वेबसाइटवरच्या ‘तुमचं मत द्या’कडे फिरकू नका.

स्क्रीनवरची रेघ

दिसायला सगळ्यात आकर्षक आणि वापरायला सगळ्यात घातक अशी ही सेवा आहे. एका खोलीत वीस-तीस मतदार बसवतात. प्रत्येकाच्या हातात पंख्याच्या रेग्युलेटरसारखं फिरवायचं बटण असतं. त्यावर ० ते १०० अंक असतात आणि सुरुवातीला सगळ्यांचं बटण ५० वर असतं. ऐकलेलं पटलं की उजवीकडे फिरवायचं, नाही पटलं की डावीकडे. संगणक दर सेकंदाला सगळ्यांची सरासरी काढतो आणि ती रेघ होऊन स्क्रीनवर सरकत राहते. बहुधा दोन रेघा असतात, एक पुरुषांची आणि एक बायकांची. २००८ च्या डिबेटमध्ये सीएनएनने ओहायो राज्यातल्या काठावरच्या मतदारांची अशी रेघ थेट प्रक्षेपणातच दाखवली, तेव्हापासून ती घरोघरी माहीत झाली. मूळ कल्पना मात्र बरीच जुनी आहे. पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन या संशोधकांनी रेडिओच्या काळात हिरव्या आणि लाल बटणांचं असंच यंत्र तयार केलं होतं. आवडलं तर हिरवं दाबायचं, नावडलं तर लाल.

यंत्रात दोष नाही. गडबड आकड्यांत आहे. समजा बायकांच्या गटात १५ जणी आहेत. त्यातल्या सहा जणींनी बटण ५० वरून ७५ वर नेलं आणि बाकीच्या नऊ जणींनी हातही लावला नाही, तरी रेघ १० अंकांनी उडते. प्रेक्षकाला वाटतं, देशभरच्या बायकांना हा मुद्दा भिडला. प्रत्यक्षात सहा मनगटं हलली. चिठ्ठ्या टाकून काटेकोर निवडलेल्या १५ जणांच्या गटातसुद्धा टक्केवारीची चूक अधिक-उणे २५ पर्यंत जाऊ शकते, ३० जणांत ती १८ च्या घरात असते. शिवाय हे लोक चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतातच. एका शहरातले, त्या संध्याकाळी मोकळे असलेले आणि यायला तयार झालेले असे ते असतात.

दुसरी अडचण वेळेची. वाक्य कानावर पडणं, कळणं आणि मग हात हलणं यात काही सेकंद जातात. तोवर उमेदवार पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. त्यामुळे कर कमी करण्याच्या वाक्याला मिळालेली दाद स्क्रीनवर सैन्याबद्दलच्या वाक्याखाली दिसते. नंतर रेकॉर्डिंग आणि आकडे जुळवून बसणारा संशोधक हा फरक वजा करू शकतो. थेट पाहणाऱ्याला ती सोय नाही.

तिसरी गोष्ट अधिक मुरलेली आहे. ही रेघ गोड वाक्यांना वर नेते. ‘आपल्या मुलाबाळांचं भविष्य’, ‘कष्टकरी माणूस’, ‘आपला देश’ असे शब्द आले की ती चढते, प्रतिस्पर्ध्यावर टीका सुरू झाली की बहुतेक वेळा घसरते. मिरजेत किंवा तासगावात अशी बटणं वाटली तर ‘शेतकरी सुखी तर जग सुखी’ हे वाक्य पहिल्या नंबरने पास होईल. अलमट्टीच्या उंचीबद्दल किंवा म्हैसाळ योजनेच्या वीजबिलाबद्दल आकडेवार बोलणारा मात्र ५० च्या आसपास अडकून पडेल, कारण आकडा पचवायला वेळ लागतो आणि पचवत असताना कुणी बटण फिरवत नाही. मतदानाच्या दिवशी या दोन वाक्यांपैकी कुठलं लक्षात राहील, हे रेघ सांगू शकत नाही.

हे तिन्ही दोष एक वेळ माफ करता आले असते. चौथा करता येत नाही: रेघ पाहणाऱ्याचं मत बदलते. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या पक्षनेत्यांच्या डिबेटच्या वेळी तिथल्या संशोधकांनी १५० जणांवर प्रयोग केला. दोन गटांना तीच थेट डिबेट दाखवली, पण रेघ मात्र संशोधकांनीच मुद्दाम कलती केलेली होती. एका गटाच्या स्क्रीनवर ती गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकवलेली, दुसऱ्या गटाच्या स्क्रीनवर निक क्लेग यांच्या. डिबेटनंतर विचारलं तेव्हा कोण जिंकलं आणि पंतप्रधान कोण हवा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ज्या त्या रेघेच्या दिशेने सरकलेली निघाली. हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आमच्या मते या सगळ्या विषयातला तो सर्वांत महत्त्वाचा इशारा आहे. वीस-तीस अनोळखी माणसांची सरासरी नव्वद मिनिटं डोळ्यांसमोर नाचत असेल, तर आपलं म्हणून जे मत तयार होतं ते कितपत आपलं राहतं?

उपाय सोपा आहे. रेघ स्क्रीनच्या तळाच्या पट्टीत असते. प्रोजेक्टर असेल तर चित्र किंचित खाली सरकवून ती पट्टी पडद्याबाहेर घालवता येते. टीव्ही असेल तर काळ्या कार्डशीटची पट्टी चिकटटेपने लावावी. रेघ नसलेलं प्रक्षेपण मिळत असेल तर तेच निवडावं.

झटपट पोल

डिबेट संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सीएनएन जो आकडा देते तो सगळीकडे फिरतो. २७ जून २०२४ च्या बायडेन-ट्रम्प डिबेटनंतर ६७ टक्के पाहणाऱ्यांनी ट्रम्प सरस ठरले असं सांगितलं, ३३ टक्क्यांनी बायडेन. १० सप्टेंबरच्या हॅरिस-ट्रम्प डिबेटनंतर ६३ टक्क्यांनी हॅरिस म्हटलं, ३७ टक्क्यांनी ट्रम्प. हा पोल एसएसआरएस ही संस्था करते आणि २०२४ मध्ये तो मोबाइलवर मेसेज पाठवून घेतला गेला.

त्याची बांधणी चांगली आहे, म्हणून नीट समजून घेण्यासारखी आहे. नोंदणीकृत मतदारांतून आधीच माणसं निवडतात आणि डिबेट पाहणार का, नंतर उत्तर देणार का, हे विचारून ठेवतात. डिबेटच्या आधी त्यांना काय वाटतं ते विचारतात. डिबेट संपल्या संपल्या त्याच माणसांना पुन्हा विचारतात. ‘त्याच माणसांना’ यातच या पोलचं सगळं मोल आहे. जूनमध्ये ५६५ जण होते, सप्टेंबरमध्ये ६०५. सप्टेंबरच्या पोलची जाहीर केलेली चूक-मर्यादा अधिक-उणे ५.३ टक्के होती. नुसत्या गणिताने ६०० जणांची मर्यादा ४ टक्के येते. पण वय, शिक्षण वगैरेंचं प्रमाण जुळवायला काही जणांच्या उत्तरांना जास्त वजन द्यावं लागतं, त्यामुळे ती वाढते.

आता पहिला आकडा सोडून पुढे वाचा. ‘कोण सरस ठरलं’ हा प्रश्न कुस्तीच्या निकालाचा आहे, मताचा नाही. पुढचा प्रश्न असतो: या डिबेटचा तुमच्या मतावर काय परिणाम झाला? जूनमध्ये ८१ टक्के म्हणाले काहीच नाही, १४ टक्क्यांना फेरविचार करावासा वाटला पण मत बदललं नाही, आणि ५ टक्क्यांनी मत बदललं. सप्टेंबरमध्ये हेच आकडे ८२, १४ आणि ४ होते. म्हणजे ६७-३३ किंवा ६३-३७ असा दणदणीत निकाल देणाऱ्या पोलमध्ये प्रत्यक्ष हललेली माणसं वीसात एक. बातमीत मोठ्या अक्षरात येतो पहिला आकडा, राजकारण घडतं दुसऱ्यात.

याचा पडताळा इतिहासात मिळतो. ३ ऑक्टोबर २०१२ च्या डेन्व्हरमधल्या डिबेटनंतर सीएनएनच्या पोलमध्ये ६७ टक्के रॉम्नी सरस म्हणाले, ओबामांना २५ टक्के मिळाले. निवडणूक ओबामा जिंकले. २६ सप्टेंबर २०१६ ला क्लिंटन ६२, ट्रम्प २७. अध्यक्ष ट्रम्प झाले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ६३ टक्के मिळवणाऱ्या हॅरिस नोव्हेंबरमध्ये इलेक्टोरल मतांत ३१२ विरुद्ध २२६ अशा हरल्या. जूनची डिबेट मात्र वेगळी गोष्ट सांगते. तिथेही मत बदलणारे ५ टक्केच होते, तरी २१ जुलैला बायडेन शर्यतीतून बाहेर पडले. मतदारांपेक्षा त्यांच्याच पक्षातल्या लोकांवर त्या नव्वद मिनिटांचा परिणाम जास्त झाला, आणि ते मोजायचं काम झटपट पोलचं नव्हतंच.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. हा पोल फक्त पाहणाऱ्यांचा असतो. सप्टेंबरची डिबेट अमेरिकेत टीव्हीवर ६ कोटी ७० लाख लोकांनी पाहिली. नोव्हेंबरमध्ये मतदान केलं १५ कोटींहून अधिक जणांनी. जे पाहत नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी क्लिप दिसतात, शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येतं. आणि डिबेट पाहायला बसणाऱ्यांत कुठल्या पक्षाचे लोक जास्त आहेत हे दर वेळी वेगळं असतं. चांगला पोल ते प्रमाण जाहीर करतो. ते नसेल तर आकडा बाजूला ठेवावा.

दुसऱ्या दिवसाची प्रतिक्रिया

पाहणाऱ्याचं मत रात्रीत बदलू शकतं, याचं जुनं आणि ठळक उदाहरण १९७६ चं आहे. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असं विधान केलं. डिबेट संपताच केलेल्या पाहणीत फोर्ड यांचं फारसं बिघडलेलं दिसत नव्हतं. मग रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांतून त्याच वाक्यावर चर्चा झाली आणि संध्याकाळपर्यंत प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांनी बाजी मारली असं म्हणणाऱ्यांची मोठी आघाडी झाली. डिबेट तीच, प्रेक्षक तेच. मधे फक्त बातम्या आल्या.

सातारकरांना यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलले. मैदानात हजर असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी ते दृश्य मोबाइलवर पाहिलं. तीन दिवसांनी पोटनिवडणुकीचं मतदान झालं आणि श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांचा पराभव केला. त्या भाषणाने निकाल फिरवला असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. पण भाषणाच्या आधी आणि नंतर त्याच मतदारांना कुणी विचारल्याचा आकडा त्या सांगण्यात कधीच नसतो. आधीची नोंद नसेल तर ‘बदललं’ हा शब्द वापरायचा हक्क मिळत नाही.

म्हणून सल्ला असा: झटपट पोल पाहिल्यावर चार-पाच दिवसांनी त्याच संस्थेची नेहमीची पाहणी बघावी. दोन्हींत एकाच दिशेने हालचाल दिसली तरच डिबेटचा परिणाम झाला असं धरावं.

गोल बैठक, फोन आणि उघडे पोल

दहा-पंधरा काठावरच्या मतदारांना गोलात बसवून हात वर करायला लावायचे, ही बैठक मतचाचण्या करणारे फ्रँक लुन्झ यांनी टीव्हीवर लोकप्रिय केली. तिच्यातून टक्केवारी काढूच नये. बारा जणांत आठ हात वर झाले म्हणजे ६७ टक्के होत नाहीत, आठ माणसं होतात. तिथे ऐकायची ती कारणं, तीही पहिल्या फेरीतली. एखादा आवाजी माणूस बोलला की बाकीचे त्याच्या भाषेत बोलू लागतात.

सी-स्पॅन या अमेरिकन वाहिनीवर डिबेटनंतर फोन घेतात. डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि अपक्ष यांच्यासाठी वेगवेगळे नंबर असतात, मधे तज्ज्ञ बसलेले नसतात आणि निवेदक सहसा वाद घालत नाही. लोक आपल्या गावाचं नाव सांगून बोलतात. हा सगळ्या मतदारांचा प्रातिनिधिक नमुना नाही, पण कानाला इतकं प्रामाणिक दुसरं काही मिळत नाही. विद्यार्थ्यांना अर्धा तास हे ऐकवावं, पंडितांच्या चर्चेपेक्षा जास्त शिकायला मिळतं.

उघड्या पोलबद्दल, म्हणजे कुणीही मत देऊ शकेल अशा पोलबद्दल, १९८० चं उदाहरण पुरेसं आहे. रेगन-कार्टर डिबेटनंतर एबीसीने पैसे पडणाऱ्या फोन क्रमांकावर मत मागवलं, एका फोनला ५० सेंट. सात लाखांहून जास्त फोन आले आणि साधारण दोनास एक असा कौल रेगन यांच्या बाजूने गेला. आकडा प्रचंड, पण फोन कोण करणार हे फोन करणारेच ठरवत होते. एका माणसाने दहा वेळा केला तरी अडवणारं कुणी नव्हतं. आजचे यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवरचे पोल त्याच जातीचे आहेत. सात लाखांपेक्षा नीट निवडलेले सहाशे बरे, हे गणित विद्यार्थ्यांना पटवायला इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

सांगलीत सभागृहात लावायची तर

विष्णुदास भाव्यांच्या गावातला प्रेक्षक नाटक बघून तयार झालेला आहे. आवाजातला चढउतार, चेहरा, थांबणं हे त्याला पटकन कळतं. डिबेटमध्ये हीच जाण आडवी येते. २६ सप्टेंबर १९६० च्या केनेडी-निक्सन डिबेटबद्दल सांगतात की टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन. ही गोष्ट ज्या पाहणीवर उभी आहे तिच्यात रेडिओवाले तीनशेही नव्हते, आणि त्यांचा कल आधीपासूनच निक्सन यांच्याकडे असू शकतो. पण राज्यशास्त्रज्ञ जेम्स ड्रकमन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाच कार्यक्रम एका गटाला दाखवला आणि दुसऱ्याला नुसता ऐकवला, तेव्हा पाहणाऱ्यांनी केनेडींना अधिक कौल दिला आणि मत बनवताना व्यक्तिमत्त्वाला जास्त महत्त्व दिलं. इंग्रजी वेगाने कानावरून जात असेल तर आपल्या प्रेक्षकाच्या हाती चेहरा आणि आवाज एवढंच उरतं.

त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. एक पानभर मराठी टिपण आदल्या दिवशी द्यावं: इलेक्टोरल कॉलेज म्हणजे काय, निर्णायक राज्यं कोणती, गर्भपात, आयातकर आणि स्थलांतर यांवर दोघांची भूमिका काय. आणि शेवटी प्रत्येकाला विचारावं, बोलणं किती समजलं, ० ते १०. पाचाखालच्यांची बेरीज वेगळी करावी. आपल्या सभागृहातला कौल अमेरिकन मतदाराचा नाही हे तर उघडच आहे. मोजायची सवय लागावी म्हणून हे करायचं.

कागदी चिठ्ठीला पर्याय नाही. गूगल फॉर्म चालतो, पण फोन हातात आला की व्हॉट्सॲप उघडतं आणि यूट्यूबचं प्रक्षेपण काही सेकंद मागे असल्याने परदेशातल्या नातेवाइकाचा मेसेज वाक्याच्या आधी पोचतो. पांढरी चिठ्ठी आधीची, पिवळी नंतरची. दोन्हींवर एकच क्रमांक, नाव नाही. पांढरीवर तीन प्रश्न: आज मत द्यायचं तर पहिला, दुसरा की ठरलेलं नाही, हे मत किती पक्कं, ० ते १०, आज कोण सरस बोलेल असं वाटतं. ही चिठ्ठी सव्वासहाला पेटीत पडलीच पाहिजे. पिवळीवर मताचा प्रश्न सगळ्यात वर घ्यावा, ‘कोण सरस बोललं’ हा त्याच्या खाली. क्रम उलटा केला तर माणूस आधी विजेता लिहितो आणि मग त्याला शोभेल असं मत देतो. निम्म्या चिठ्ठ्यांवर उमेदवारांची नावं उलट्या क्रमाने छापावीत, कारण वर असलेल्या नावाला थोडा फायदा मिळतो. शेवटी दोन ओळी मोकळ्या: कोणत्या मुद्द्याने विचार करायला लावलं.

मोजणी नऊ घरांच्या तक्त्यात करावी. आडवं ‘आधी’, उभं ‘नंतर’. समजा ६० जण आहेत. आधी पहिला २४, दुसरा २२, ठरलेलं नाही १४. नंतर पहिला २५, दुसरा २५, ठरलेलं नाही १०. बेरजा पाहिल्या तर वाटेल की काठावरचे चार जण आत आले, बाकी शांत आहे. तक्ता भरल्यावर दिसतं की पहिल्याकडून दुसऱ्याकडे ४ गेले, उलट ३ आले, आणि काठावरचे दोन-दोन वाटले गेले. म्हणजे ११ जण हलले. नुसत्या बेरजा छापल्या तर यातले सात दिसतच नाहीत. जुळवणी क्रमांकावरून होते, म्हणून एका चिठ्ठीवरचा क्रमांक पुसट असेल तर ती जोडी बाद धरावी, अंदाजाने लावू नये. दोघांनी स्वतंत्र मोजावं.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत. समारोपाची वाक्यं संपताच निवेदक आणि तज्ज्ञ बोलू लागतात. त्याआधी आवाज बंद झाला पाहिजे, रिमोट हातात असलेला माणूस आधीच ठरवावा. मागच्या दारातून चहा आत आला की गप्पा सुरू होतात आणि प्रतिक्रिया एकमेकांना चिकटतात. चहा आणि भडंग पिवळी चिठ्ठी पेटीत पडल्यावरच. घरातली किंवा एका पक्षाची माणसं शेजारी बसू देऊ नयेत, प्रवेशाच्या वेळी क्रमांकानुसार खुर्ची द्यावी म्हणजे वाईटपणा कुणाकडे येत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. साडेसहाला सूर्य वर आलेला असतो, पूर्वेच्या खिडक्यांना जाड पडदे नसतील तर प्रोजेक्टरचं चित्र धुऊन निघतं. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवावा, साध्या एचडीएमआय केबलने दहा मीटरच्या पुढे चित्र तुटायला लागतं. फायबरचं इंटरनेट आणि सोबत वेगळ्या कंपनीचं मोबाइल हॉटस्पॉट तयार असावं. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटर आणि ॲम्प्लिफायरला नसते, म्हणून इन्व्हर्टर या दोघांना हवा. आवाजाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. २३ सप्टेंबर १९७६ ला फिलाडेल्फियात ध्वनियंत्रणा बिघडली आणि फोर्ड व कार्टर २७ मिनिटं मंचावर नुसते उभे राहिले. राष्ट्राध्यक्षाच्या कार्यक्रमात हे होतं, तर आपण आदल्या दिवशी दहा मिनिटं शेवटच्या रांगेत बसून ऐकायला हरकत नाही.

आपल्या निवडणुकीत वापरताना

हीच दोन चिठ्ठ्यांची पद्धत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या किंवा विधानसभेच्या उमेदवार चर्चेला जशीच्या तशी लागू होते, आणि तिथे प्रेक्षक खरा मतदार असल्याने आकड्याला वजनही येतं. प्रश्न महापुरातल्या पुनर्वसनाचे, टेंभू-ताकारीच्या आवर्तनाचे, द्राक्ष-बेदाण्याच्या दराचे घ्यावेत आणि सगळ्या उमेदवारांना तेच, तेवढाच वेळ. २०२४ च्या दोन्ही अमेरिकन डिबेटमध्ये एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद होता आणि सभागृहात प्रेक्षक नव्हते. आपल्याकडे माइक बंद करणं जमेल, प्रेक्षक काढणं जमणार नाही. निदान टाळ्या-घोषणा शेवटीच, एवढं सुरुवातीला सगळ्या पक्षांकडून कबूल करून घ्यावं, कारण टाळी हीसुद्धा एक रेघच आहे.

आचारसंहितेत सभेची परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर टीव्ही किंवा तत्सम माध्यमातून दाखवायला बंदी आहे आणि निवडणूक आयोग मतचाचणीचे निकालही त्यात धरतो. म्हणून चर्चा मतदानाच्या किमान आठवडाभर आधी घ्यावी. निकाल देताना ‘सांगलीचा कौल’ असं लिहू नये. किती जण आले, त्यांना बोलावलं कसं, किती चिठ्ठ्या बाद झाल्या आणि नऊ घरांचा पूर्ण तक्ता, हे सगळं एका पानावर छापून तीच प्रत प्रत्येक उमेदवाराला आणि प्रत्येक वार्ताहराला एकाच वेळी द्यावी.